लहान यंत्रांचे दप्तर : अपुऱ्या स्मृतीत पूर्ण फाइल व्यवस्था कशी बसवितात

निपाणी, चिकोडी, हुक्केरी आणि बेळगाव या तालुक्यांतील खेड्यापाड्यांत गेल्या काही वर्षांत लहान संगणकीय यंत्रांचा वापर पुष्कळ वाढला आहे. दूध संस्थेच्या संकलन केंद्रावर वजन व फॅट नोंदविणारे यंत्र असते. वायव्य कर्नाटक परिवहन महामंडळाच्या वाहकाच्या हाती तिकीट यंत्र असते. कर्नाटक राज्य नैसर्गिक आपत्ती देखरेख केंद्राने ग्रामपंचायत पातळीवर बसविलेले पर्जन्यमापक दर १५ मिनिटांनी पावसाची नोंद दूरवर कळवितात. या यंत्रांना कळफलक नाही, मोठा पडदा नाही, आणि त्यांना संगणक म्हणावे असे पाहणाऱ्यास वाटतही नाही. परंतु त्या प्रत्येकाच्या पोटात एक लहानसा संगणकच असतो.

या यंत्रांचे खरे काम मोजणे एवढेच नसून मोजलेले सांभाळून ठेवणे हेही आहे. पहाटे साडेपाचला घातलेल्या साडेचार लिटर दुधाची नोंद दहा दिवसांनी बिल निघेपर्यंत टिकली पाहिजे. नदीला पूर आला व भ्रमणध्वनीचे मनोरे बंद पडले, तर त्या रात्रीचा पाऊस यंत्राने स्वतःजवळ राखून ठेवला पाहिजे. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा, दूधगंगा व वेदगंगा यांच्या काठी जे घडले, ते पाहिलेल्या कोणासही या गोष्टीचे महत्त्व निराळे सांगावयास नको. नोंद हरवली तर नुकसान यंत्राचे होत नाही, ज्याची नोंद त्याचे होते. म्हणून या यंत्रांच्या आत नोंदी कशा ठेवल्या जातात, याची माहिती ग्रामस्थ, संस्थांचे सचिव, अधिकारी व शिक्षक या सर्वांना असणे इष्ट आहे.

फाइल व्यवस्था म्हणजे काय?

जुन्या काळी गावचे दप्तर रुमालात बांधलेले असे. कोणता कागद कोणत्या रुमालात आहे, हे ज्यास ठाऊक तोच तो काढून देऊ शके. पुढे कागदांना क्रमांक व नमुने मिळाले आणि अनुक्रमणिका झाली. संगणकातील फाइल व्यवस्था हे याच स्वरूपाचे काम करते. साठवणीची चिप ही मूलतः एका आकाराच्या कोऱ्या पानांची रास होय. कोणत्या पानांवर कोणत्या फाइलचा मजकूर आहे, त्या पानांचा क्रम काय, कोणती पाने मोकळी आहेत आणि फाइलचे नाव काय, हा सर्व हिशेब फाइल व्यवस्था ठेवते.

येथे दोन प्रकारच्या स्मृतींतील फरक ध्यानात घ्यावा. एक साठवण : वीज गेली तरी तीतील मजकूर राहतो. दुसरी कार्यस्मृती : काम चालू असेपर्यंतच ती धरून ठेवते, वीज जाताच ती कोरी होते. साठवण म्हणजे कपाट आणि कार्यस्मृती म्हणजे समोरचे मेज. लहान यंत्रांत कपाट बरेच मोठे असू शकते, मेज मात्र अगदी वीतभर असते. शाळांतील अटल टिंकरिंग प्रयोगशाळांत वापरल्या जाणाऱ्या आर्डुइनो उनो या फळ्यावरील चिपमध्ये कार्यस्मृती केवळ २,०४८ बाइट आहे. एवढ्या जागेत देवनागरीची सातशे चिन्हेही पुरती बसत नाहीत.

मोठी व्यवस्था लहान यंत्रात का मावत नाही?

कार्यालयातील संगणकावरची फाइल व्यवस्था सर्व सोयींनी युक्त असते. फोल्डरांत फोल्डर, लांब नावे, प्रत्येक फाइलवर कोणाचा किती अधिकार याची नोंद, बदलाची वेळ, एकाच वेळी शेकडो फाइली उघडण्याची मुभा आणि वेगासाठी मजकुराच्या प्रती कार्यस्मृतीत राखून ठेवण्याची सवय, या सर्वांची किंमत कार्यस्मृतीत मोजावी लागते. मोकळ्या पानांचा तक्ता हे एकच उदाहरण घेऊ. ४ गिगाबाइट साठवणीचे ४,०९६ बाइटांचे ठोकळे केले, तर ते १०,४८,५७६ होतात. प्रत्येकासाठी ‘मोकळा’ किंवा ‘भरलेला’ अशी एकच बिटाची खूण ठेवली, तरी तक्ता १,३१,०७२ बाइटांचा होतो. आर्डुइनोच्या चौसष्टपट कार्यस्मृती या एका तक्त्यासच लागेल.

तथापि, अपुऱ्या जागेत पूर्ण व्यवस्था बसविणे अशक्य आहे असे नाही. केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६९ पासून युनिक्स ही प्रणाली उभारली. तिच्यासाठी पुढे मिळालेल्या पीडीपी-११ संगणकात एकूण स्मृती २४ किलोबाइट होती. त्यांपैकी १६ किलोबाइट प्रणालीसाठी व ८ किलोबाइट वापरणाराच्या कामासाठी होते. आजच्या फाइल व्यवस्थांचे मूळ रूप अशा अडचणीत घडले. त्याचप्रमाणे १९७७ साली मायक्रोसॉफ्टमध्ये मार्क मॅकडॉनल्ड यांनी रचलेली ‘फॅट’ व्यवस्था लहान फ्लॉपीसाठी होती आणि तिचेच वंशज आजही मेमरी कार्डांत वापरले जातात. (दूध संस्थेतील फॅटशी या नावाचा संबंध नाही.) अर्थात, नंतर जमा झालेला पसारा आवरणे, हेच पुष्कळ अंशी आजच्या तंत्रज्ञाचे काम असते.

फ्लॅश चिपचा स्वभाव

लहान यंत्रांत साठवण बहुधा फ्लॅश प्रकारची असते. तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी हे तंत्र १९८४ मध्ये जगापुढे मांडले. या चिपचा स्वभाव शाळेतील पाटीच्या उपमेने समजेल. पाटीच्या कोऱ्या भागावर अक्षर लिहिता येते. परंतु लिहिलेले एक अक्षर पुसावयाचे झाले, तर सबंध पाटीच पुसावी लागते. शिवाय प्रत्येक पुसण्याने पाटी थोडी झिजते. लहान यंत्रांत वापरल्या जाणाऱ्या नॉर जातीच्या फ्लॅश चिपमध्ये एक पाटी, म्हणजे ठोकळा, सामान्यतः ४,०९६ बाइटांचा असतो आणि तो सुमारे एक लाख वेळा पुसण्याची हमी उत्पादक देतात.

एक लाख ही संख्या मोठी वाटते. पण हिशेब करून पाहू. समजा, एका संस्थेचे १५० सभासद सकाळ-संध्याकाळ दूध घालतात. रोजच्या नोंदी ३०० झाल्या. फॅट व्यवस्थेत प्रत्येक नोंद जोडल्यावर फाइलची नवी लांबी अनुक्रमणिकेत लिहावी लागते, आणि अनुक्रमणिकेची जागा ठरलेली असते. ही व्यवस्था कोणतीही काळजी न घेता थेट चिपवर बसविली, तर अनुक्रमणिकेचा तोच ठोकळा रोज ३०० वेळा पुसला जाईल आणि एक लाखाची मर्यादा ३३३ दिवसांत संपेल. चिपचे बाकीचे ठोकळे जवळजवळ नवे असतानाच वर्ष भरण्यापूर्वी यंत्र ‘बिघडले’ असे दिसेल. मेमरी कार्डात ही झीज वाटून देणारा नियंत्रक आतच असतो. नुसत्या चिपमध्ये तो नसतो, म्हणून ते काम फाइल व्यवस्थेनेच करावे लागते.

वीज मध्येच गेली तर?

याहून मोठा धोका विजेचा. एक नोंद पक्की होण्यासाठी मजकूर, पानांची साखळी आणि अनुक्रमणिका अशा दोन-तीन ठिकाणी लिहावे लागते. पहिले झाले आणि दुसरे होण्यापूर्वी वीज गेली, तर मजकूर आहे पण त्याचा पत्ता नाही, अशी अवस्था होते. फ्लॅशवर तर याहून वाईट घडू शकते. अनुक्रमणिकेचा ठोकळा पुसला आणि नवा मजकूर लिहिण्यापूर्वी वीज गेली, तर एक नोंद नव्हे, सर्व नोंदींची अनुक्रमणिकाच नाहीशी होते.

यावरील उपाय आपल्या महसुली पद्धतीत पूर्वीपासून आहे. जमिनीच्या हक्कात बदल झाला म्हणजे उताऱ्यावर एकदम खाडाखोड करीत नाहीत. बदल प्रथम फेरफार नोंदवहीत लिहितात; तो तपासून प्रमाणित झाल्यावरच उताऱ्यावर अंमल देतात. मध्येच काही अडले, तर उतारा जुन्या पण खऱ्या स्थितीत राहतो. मोठ्या संगणकांवरील अनेक फाइल व्यवस्था अशीच फेरफार नोंदवही ठेवतात. दुसरी रीत अशी की, जुन्या पानास हातच लावावयाचा नाही; बदललेली नवी प्रत कोऱ्या पानावर पूर्ण लिहावयाची, आणि ती पूर्ण झाल्यानंतरच अनुक्रमणिकेने नव्या प्रतीकडे बोट दाखवावयाचे. वीज केव्हाही गेली तरी जुनी किंवा नवी, दोहोंपैकी एक प्रत शाबूत असते; अर्धवट प्रत कधीच ग्राह्य धरली जात नाही.

बसविण्याची पद्धती

पूर्ण सोयींची व्यवस्था लहान यंत्रास जुळविताना पुढील गोष्टी क्रमाने केल्या जातात.

पहिली गोष्ट गरजांची छाननी. दुधाच्या यंत्रास वापरणारा एकच. म्हणून प्रत्येक फाइलवर अधिकारांची नोंद नको. वेळ नोंदीतच लिहिलेली असते. म्हणून फाइलवर पुन्हा वेळ नको. एका वेळी एक किंवा दोनच फाइली उघडल्या जातात. म्हणून शेकडोंची तयारी नको. परंतु जुन्या फाइलीच्या जागी नवी फाइल एका दमात बसविण्याची सोय मात्र टाकून चालणार नाही, कारण सभासदांची यादी बदलताना तीच उपयोगी पडते. काय टाकावे याइतकेच काय टाकू नये हे ठरविणे महत्त्वाचे आहे.

दुसरी गोष्ट एकाच पानावर काम भागविणे. लहान यंत्रांसाठी असलेल्या फॅटएफएस या प्रणालीत सामान्यतः प्रत्येक उघड्या फाइलीस ५१२ बाइटांचे स्वतंत्र पान मिळते. तिच्या ‘लघु’ मांडणीत ही स्वतंत्र पाने काढून टाकून सर्व फाइली एका सामाईक पानावर काम करतात. वेग थोडा घटतो, पण जागा वाचते. २,०४८ बाइटांतील ५१२ म्हणजे चौथा हिस्सा, हे लक्षात घेता ही बचत लहान नव्हे.

तिसरी गोष्ट तक्त्याऐवजी खिडकी. मोकळ्या ठोकळ्यांचा सबंध तक्ता जवळ बाळगण्याऐवजी एका वेळी थोड्याच ठोकळ्यांची पाहणी करावयाची. ते संपले की खिडकी पुढे सरकवावयाची. १६ बाइटांच्या खिडकीत १२८ ठोकळे दिसतात. चिप कितीही मोठी असली तरी खिडकी तेवढीच राहते. पूर्वीच्या काही व्यवस्थांत हे साधलेले नव्हते. २००१ साली डेव्हिड वुडहाउस यांनी पुढे आणलेली जेएफएफएस-२ ही फ्लॅशसाठीची व्यवस्था विश्वासू होती. पण ती सुरू होताना चिप वाचून तीतील प्रत्येक तुकड्याची नोंद कार्यस्मृतीत ठेवीत असे. साठवण वाढली की तिची भूकही वाढे. नोकिया कंपनी व हंगेरीतील सेगेद विद्यापीठ यांच्या प्रयत्नांतून २००८ मध्ये लिनक्समध्ये आलेल्या यूबीआयएफएस व्यवस्थेने ही अनुक्रमणिका चिपवरच ठेवली.

चौथी गोष्ट स्वतःस पुन्हा बोलाविणाऱ्या कार्यक्रमांस मनाई. फोल्डरातील फोल्डर धुंडाळताना कार्यक्रमाने स्वतःलाच पुनःपुन्हा हाक मारणे हे मोठ्या संगणकावर सोयीचे असते. पण प्रत्येक हाकेगणिक कार्यस्मृती खर्च होते आणि ती किती लागेल हे आधी सांगता येत नाही. लहान यंत्रात कमाल खर्च प्रथमच ठाऊक असला पाहिजे.

या सर्व गोष्टी एकत्र आणणारे उदाहरण म्हणजे ‘लिटलएफएस’. एआरएम कंपनीने २०१७ मध्ये ती सर्वांसाठी खुली केली. तिची रचना ख्रिस्तोफर हेस्टर यांची आहे. तिच्यात अनुक्रमणिकेसाठी ठोकळ्यांची जोडी असते. एका ठोकळ्यात फेरफार एकाखाली एक लिहिले जातात. तो भरला की आवश्यक तेवढे दुसऱ्यात उतरविले जाते. प्रत्येकावर अनुक्रमांक व मजकुराची गणिती पडताळणी असते. वीज आल्यावर यंत्र दोन्ही पाहते आणि जो मोठ्या अनुक्रमांकाचा असून पडताळणीस उतरतो, तोच खरा मानते. फार झिजलेल्या जोडीची जागा बदलली जाते. वाचण्याचे, लिहिण्याचे व एका फाइलीचे अशी ६४ बाइटांची तीन पाने आणि १६ बाइटांची खिडकी धरली, तर २०८ बाइटांत ती चालू शकते. तिच्या स्वतःच्या लहानसहान नोंदींची व कार्यक्रमाची जागा अर्थातच निराळी.

या व्यवस्थेलाही उणिवा आहेत. फाइलीच्या मध्यभागी बदल केला, तर त्या जागेपासून शेवटपर्यंतचा मजकूर पुन्हा लिहावा लागतो. अखेरीस नोंद जोडतानाही अर्धा भरलेला शेवटचा ठोकळा कोऱ्या ठोकळ्यावर उतरवून घ्यावा लागतो. म्हणून ज्या कामात नोंदी खाली जोडल्या जातात व मागच्या नोंदींत खाडाखोड होत नाही, त्यास ती विशेष अनुकूल आहे. दुधाची व पावसाची नोंद अशीच असते.

एका संस्थेचा हिशेब

वरील संस्थेचे उदाहरण पुढे नेऊ. प्रत्येक नोंद ३२ बाइटांची धरली, तर रोज ९,६०० व वर्षास ३५,०४,००० बाइट होतात. ४ मेगाबाइटच्या चिपमध्ये ४१,९४,३०४ बाइट, म्हणजे १,०२४ ठोकळे असतात. तेव्हा वर्षाच्या नोंदी मावतील असे वाटते. परंतु रोज नवी फाइल केली, तर प्रत्येक फाइलीस तीन ठोकळे लागून वर्षाचे १,०९५ होतात आणि चिप वर्ष संपण्यापूर्वी भरते. दरमहा एक फाइल केली, तर सुमारे ८६० ठोकळ्यांत काम भागते. नोंदी त्याच, चिप तीच. फरक केवळ मांडणीचा.

आता झीज पाहू. प्रत्येक नोंदीमागे दोन ठोकळे पुसले जातात असे धरून, ती झीज मोकळ्या १६० ठोकळ्यांवर सारखी वाटली, तर एक लाखाची मर्यादा येण्यास सत्तर वर्षांहून अधिक काळ लागेल. यंत्राचे इतर भाग एवढे टिकणार नाहीत, हे उघड आहे. तथापि ३३३ दिवस आणि सत्तर वर्षे यांतील अंतर व्यवस्थेच्या रचनेने पडते, एवढे यावरून दिसून येईल.

दोन लिप्यांचा प्रश्न

सीमाभागात एकाच यादीत मराठी व कन्नड नावे येतात. यूटीएफ-८ या प्रचलित संकेतपद्धतीत इंग्रजी अक्षरास एक बाइट पुरतो. देवनागरी व कन्नड या दोन्ही लिप्यांतील प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागतात आणि काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त ही स्वतंत्र चिन्हे मोजली जातात. ‘निपाणी’ या शब्दास १८ बाइट, तर ‘संकेश्वर’ या शब्दास २४ बाइट लागतात. जुन्या पद्धतीप्रमाणे फाइलीच्या नावास आठच बाइट दिले, तर देवनागरीची दोनच चिन्हे पुरी बसतील. लांब नावांची सोय ठेवावी, तर फॅटएफएसमध्ये २५५ चिन्हांच्या नावासाठी ५१२ बाइटांची जागा राखावी लागते. म्हणून फाइलीस वर्ष व महिना यांचे आकडी नाव द्यावे, नोंदीत सभासद क्रमांक लिहावा आणि सभासदांची नावे दोन्ही लिप्यांत एका निराळ्या फाइलीत एकदाच ठेवावीत, हा मार्ग सर्वांत सोयीचा ठरतो. त्यामुळे कोणत्याही भाषेची गैरसोय न होता जागा वाचते.

यंत्र घेताना काय विचारावे?

संस्थेने किंवा पंचायतीने यंत्र घेण्यापूर्वी विक्रेत्यास पुढील प्रश्न अवश्य विचारावेत. नोंद लिहिली जात असताना वीज गेली, तर मागील नोंदी राहतात काय? हे तोंडी न ऐकता समोर पाच-पन्नास वेळा वीज तोडून दाखविण्यास सांगावे. साठवण किती दिवसांची आहे, आणि ती भरल्यावर यंत्र जुनी नोंद पुसते की नवी नाकारते? यंत्र नादुरुस्त झाल्यास नोंदी बाहेर कशा काढता येतील? फॅट व्यवस्थेतील कार्ड कोणत्याही संगणकावर वाचता येते. लिटलएफएससारख्या व्यवस्थेतील चिप वाचण्यास निराळे साधन लागते. म्हणून रोजच्या नोंदी आतील चिपवर सुरक्षित ठेवून, ठरावीक दिवशी त्यांची प्रत कार्डावर काढण्याची सोय असलेले यंत्र पसंत करावे. सभासदांनीही छापील पावती बिल मिळेपर्यंत जपून ठेवावी.

शिक्षकांना या विषयाचा प्रयोग वर्गात सहज करता येईल. दोन विद्यार्थ्यांना दोन पाट्या द्याव्यात. एकाने बेरीज पुसून तेथेच नवी लिहावी. दुसऱ्याने नवी बेरीज दुसऱ्या पाटीवर पूर्ण करून मगच पहिली पुसावी. शिक्षकांनी मध्येच ‘वीज गेली’ असे म्हणून दोघांना थांबवावे आणि कोणाजवळ खरा आकडा उरला ते वर्गास दाखवावे. ज्या शाळेत आर्डुइनो व मेमरी कार्ड आहे, तेथे हाच प्रयोग लिहिणे चालू असताना तार काढून करता येईल व किती नोंदी वाचल्या हे मोजता येईल. प्रयोगासाठी महत्त्वाचा मजकूर नसलेले कार्ड वापरावे.

कर्नाटकात भूमी योजनेने २००० सालापासून सुमारे दोन कोटी उतारे संगणकावर आणले. त्यांच्या मागे मोठी यंत्रे, पर्यायी वीज आणि प्रशिक्षित कर्मचारी आहेत. दूध संकलन केंद्राच्या कोपऱ्यातील लहान यंत्रामागे यांपैकी बहुधा काहीच नसते. तेथे नोंदीचे रक्षण फाइल व्यवस्थेच्या रचनेवरच अवलंबून असते. ती रचना मागून घेण्याचा व तपासून घेण्याचा अधिकार, ज्यांच्या नोंदी त्या यंत्रात राहणार आहेत त्या लोकांचा आहे. संस्थांनी पुढील यंत्रखरेदीच्या वेळी हे प्रश्न सभेपुढे ठेवावेत आणि मिळालेली उत्तरे लेखी घ्यावीत.